खडसाची गळाने मासेमारी

खडसाची गळाने मासेमारी हा सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून कृष्णा खोऱ्यात वाहत येणाऱ्या नद्यांमधील मासेमारीचा एक प्रकार आहे. खडस (शास्त्रीय नाव : टोर खुद्री) हा महसीर गटातील मोठ्या खवल्यांचा, गोड्या पाण्यातील मासा असून कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगेच्या उपनद्यांचे वरचे खडकाळ टप्पे हे त्याच्या नैसर्गिक अधिवासाचा भाग आहेत. युरोप आणि उत्तर अमेरिकेत उन्हाळ्यात नदीवर जाऊन कृत्रिम माशीने ट्राउट पकडण्याच्या छंदाला जे स्थान आहे, त्याच्या जवळपासचे स्थान भारतात महसीरच्या मासेमारीला मिळाले.

हे साम्य हंगामाच्या बाबतीत मात्र फसवे आहे. थंड देशांत उन्हाळा हा नदी वाहती असण्याचा आणि माशाला भरपूर खाद्य मिळण्याचा काळ असतो. कोल्हापूरच्या पश्चिम भागात मार्च ते मे या काळात ओढे आटतात, नदीचे वरचे टप्पे सुट्या डोहांत विभागले जातात आणि पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारे मासे त्याच डोहांत अडकून पडतात. गळ टाकणाऱ्यास हा काळ सर्वांत सोयीचा असतो, तर माशाला तो सर्वांत धोक्याचा असतो. खडसाच्या मासेमारीविषयीचे बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून निर्माण होतात.

नाव

मराठीत या माशाला प्रदेशपरत्वे खडस, खडशी, खडची अशी नावे आहेत. ‘महसीर’ हे नाव उत्तर भारतातून आले व इंग्रजी शिकारग्रंथांमुळे सर्वत्र रूढ झाले. त्याची व्युत्पत्ती निश्चित नाही. ‘महाशिर’ म्हणजे मोठ्या डोक्याचा, असे काही जण मानतात, तर काही जण त्याचा संबंध फारसीतील ‘माही’ (मासा) आणि ‘शेर’ या शब्दांशी जोडतात.

शास्त्रीय नावातील ‘खुद्री’ हा शब्द मराठी भूमीतूनच गेलेला आहे. मुंबई सरकारच्या सेवेत असलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील माशांचे वर्णन १८३९मध्ये प्रसिद्ध केले. त्यात पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळालेल्या या माशाचा समावेश होता. साइक्स यांनी अनेक माशांना लॅटिन नावे न घडवता नदीकाठच्या लोकांकडून ऐकलेली नावेच जशीच्या तशी दिली. खुद्री, कोलस, नुक्ता ही नावे त्यामुळे आजही जगभरच्या प्राणिशास्त्रात वापरली जातात. ज्या मच्छीमारांच्या तोंडून ती ऐकली गेली, त्यांची नोंद मात्र राहिली नाही.

कृत्रिम माशीने केलेल्या मासेमारीसाठी मराठीत सर्वमान्य संज्ञा नाही. ‘माशी’ (अनेकवचन माश्या) हा कीटक आणि ‘मासा’ (अनेकवचन मासे) हा जलचर, या दोन शब्दांच्या उच्चारसाम्यामुळे वाचकाचा गोंधळ होतो. या लेखात ‘कृत्रिम माशी’ म्हणजे पिसे, केस व धागा गळावर बांधून केलेली कीटकाची प्रतिकृती, असा अर्थ अभिप्रेत आहे.

माशाची ओळख व सवयी

खडसाचे शरीर लांबट व दणकट असते. खवले मोठे, पाठ करडी-हिरवट, बाजू रुपेरी वा सोनेरी छटेच्या आणि पर निळसर असतात. या निळसर परांमुळे इंग्रजीत त्याला ‘निळ्या परांचा महसीर’ म्हणतात. ओठ जाड असून तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. जबड्यात दात नसतात. घशात असलेल्या दातांनी तो शिंपले, गोगलगायी व खेकडे फोडतो. जबड्याची पकडही इतकी घट्ट असते की, कच्चा गळ वाकतो किंवा मोडतो. महसीरसाठी जाड व चांगल्या पोलादाचा गळ वापरावा, हा सल्ला जुन्या सर्व शिकारग्रंथांत आढळतो.

तो सर्वभक्षी आहे. पाण्यातील कीटक व त्यांच्या अळ्या, शेवाळ, लहान मासे, तसेच काठावरच्या झाडांवरून पडणारी फळे तो खातो. उंबर किंवा जांभूळ नदीवर वाकलेले असेल, तर त्याच्या खालच्या पाण्यात फळांच्या दिवसांत हे मासे येतात. काठावरचे झाड तोडले, तर नदीतले खाद्य कमी होते, हा संबंध येथे अगदी थेट दिसतो.

खडसाला वाहते, प्राणवायूने समृद्ध पाणी व खडकाळ तळ लागतो. पावसाळ्यात नदीला पूर आला की, तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ गोट्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. अंडी पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी गोट्यांमध्ये बसतात. तेथे गाळ साचला, तर ती गुदमरतात. कटला-रोहूसारख्या माशांच्या तुलनेत खडसाची अंडी संख्येने फार कमी आणि आकाराने मोठी असतात. त्यामुळे एखाद्या डोहातील मोठ्या माद्या मारल्या गेल्या, तर ती तूट भरून निघण्यास अनेक वर्षे लागतात.

कोल्हापूरच्या नद्या

पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे तयार होते व नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. जिल्ह्याच्या दक्षिण भागात दूधगंगा, वेदगंगा व हिरण्यकेशी, तर उत्तर सीमेवर वारणा नदी आहे. सर्व नद्या पश्चिमेच्या घाटमाथ्यावर उगम पावतात. गगनबावडा परिसरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर शंभर किलोमीटरच्या आत, पूर्वेकडील शिरोळ भागात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. नदीचे स्वरूपही त्याप्रमाणे बदलते. वर कातळ, गोटे व वेगवान पाणी असते, तर खाली काळ्या मातीचे काठ व संथ प्रवाह असतो. खडस हा वरच्या नदीचा मासा आहे. ए. जी. कलावर आणि सी. एन. केळकर यांनी कोल्हापूरच्या माशांची सूची १९५६मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. जिल्ह्यातील नद्यांच्या नंतरच्या अभ्यासांना ती तुलनेचा आधार ठरली आहे.

उन्हाळ्यातील नदीचे दोन प्रकार येथे दिसतात. धरणांच्या वरचे आणि धरण नसलेले ओढे होळीनंतर झपाट्याने आटतात व पाणी फक्त खोल डोहांत उरते. धरणांखाली मात्र नदी उन्हाळ्यातही सहसा पूर्ण आटत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेले भोगावतीवरील राधानगरी धरण, दूधगंगेवरील काळम्मावाडी धरण व इतर प्रकल्पांतून शेतीसाठी पाणी सोडले जाते आणि ते बंधाऱ्यांमागे साठते. उसाच्या शेतीसाठी काठावरचे पंप हे पाणी उचलतात. पाणी फार कमी झाले की, पाटबंधारे विभाग उपसाबंदी जाहीर करतो. माशांच्या दृष्टीने पाहता, मे महिन्यातल्या डोहाची खोली बव्हंशी या पंपांवरच अवलंबून असते.

येथे ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ याचा उल्लेख आवश्यक आहे. या बंधाऱ्याच्या खांबांमधील खाचांत पावसाळा संपल्यावर फळ्या, म्हणजे स्थानिक भाषेत बर्गे, बसवून पाणी अडवतात आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. हेतू पूर्णपणे शेतीचा आहे. परंतु बर्गे वेळेवर निघाले, तर पुराबरोबर वर चढणाऱ्या माशाला वाट मोकळी मिळते. उंच धरणाच्या भिंतीत अशी वाट नसते. खडसाच्या स्थलांतराचा जुना मार्ग बहुतेक नद्यांवर धरणाच्या पायथ्याशी संपतो, याचे कारण हेच आहे.

पहिल्या पावसात वर येणाऱ्या माशांना चढणीचे मासे म्हणतात. त्या काळात ओढ्यांच्या तोंडाशी, शेताच्या बांधांवर व पाण्याच्या पडणाऱ्या धारेखाली जाळी किंवा बांबूच्या कामट्यांचे सापळे लावून मासे पकडतात. चढणीचा मासा चविष्ट मानला जातो, कारण तो गाभोळीने भरलेला असतो. तो मारणे म्हणजे पुढची पिढी मारणे होय. या दृष्टीने पाहता, गळापेक्षा चढणीवरचे सापळे खडसाला अधिक हानिकारक आहेत.

साधने व पद्धत

नदीकाठी वापरले जाणारे पारंपरिक साधन साधे असते : वेळूची लवचीक काठी, दोरा, शिशाचा तुकडा आणि गळ. गळाला कोकणाप्रमाणे काही भागांत गरी असेही म्हणतात. पूर्वी सुताचा किंवा वाखाचा दोरा असे. त्याची जागा नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याने, म्हणजे तंगुसाने घेतली आहे. मासा लागल्याचे कळावे म्हणून दोऱ्याला मोराच्या पिसाचा देठ किंवा तसाच हलका तुकडा बांधतात. आमिष म्हणून गांडूळ, नाकतोडा, लहान खेकडा, कणकेचा गोळा किंवा हंगामात पिकलेले उंबर वापरले जाते.

खडसासाठी जागेची निवड महत्त्वाची असते. तो संथ पाण्याच्या मध्यभागी क्वचित मिळतो. धावते पाणी जेथे डोहात शिरते ते तोंड, मोठ्या खडकाच्या आडोशाचे पाणी आणि डोह संपून पुन्हा उथळ होते ती शेपटी, या त्याच्या खाण्याच्या जागा होत. उन्हाळ्यात तो पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास खातो आणि दुपारी खोल पाण्यात स्थिर राहतो. स्वच्छ पाण्यात त्याला काठावरची हालचाल दिसते. त्यामुळे माणसाची सावली पाण्यावर पडू न देणे, मळकट रंगाचे कपडे घालणे आणि खडकावर पाय न आपटणे ही पथ्ये पाळावी लागतात.

मासा लागताच पहिली धाव अतिशय वेगाची असते. तो दोरा खडकांच्या फटीत नेऊन तोडण्याचा प्रयत्न करतो. काठीला चक्री असेल, तर दोरा सोडता येतो. नुसत्या वेळूच्या काठीवर मोठा खडस काढणे जवळजवळ अशक्य असल्याने गावकरी बहुधा जाड दोरा हातानेच खेळवतात.

कृत्रिम माशी

कृत्रिम माशीच्या मासेमारीत फेकीचे तत्त्व वेगळे असते. साध्या गळात शिशाचे वजन पुढे जाते आणि दोरा त्यामागे ओढला जातो. कृत्रिम माशीला जवळजवळ वजनच नसते. म्हणून जाड व जड दोरा वापरतात आणि काठी मागे-पुढे झुलवून त्या दोऱ्याचीच वेटोळी हवेत उलगडत पुढे पाठवतात. शेवटी बारीक तंगूस व त्याच्या टोकाला माशी असते. ती खऱ्या कीटकाप्रमाणे अलगद पाण्यावर उतरावी, हे कौशल्य. या पद्धतीचा सर्वांत जुना सुस्पष्ट उल्लेख रोमन काळातील लेखक इलियन याने केला आहे. मॅसिडोनियातील एका नदीवर लोक गळाला लाल लोकर व कोंबड्याची पिसे बांधून मासे पकडतात, असे त्याने लिहून ठेवले.

खडस पाण्यातले कीटक खात असल्याने तो कृत्रिम माशीही घेतो, विशेषतः लहान व मध्यम आकाराचा मासा. मोठ्या माशासाठी ब्रिटिश काळापासून धातूचा चकाकणारा चमचा वापरला जातो. तो पाण्यातून ओढताना जखमी लहान माशासारखा फिरतो. सह्याद्रीतील अरुंद, झाडीने झाकलेल्या ओढ्यांत लांब दोरा मागे झुलवण्यास जागा नसते. हेही येथे कृत्रिम माशी फारशी रुजली नाही, याचे एक व्यावहारिक कारण आहे.

इतिहास

गळाने मासे पकडणे हा करमणुकीचा प्रकार ब्रिटिशांनी भारतात आणला, असा समज आहे. तो बरोबर नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. ग्रंथाच्या विनोदविंशती या चौथ्या भागात राजाच्या करमणुकींबरोबर ते येते. त्यात माशांचे प्रकार, त्यांच्या राहण्याच्या जागा, त्यांना आवडणारा चारा, तसेच काठी, दोरी व गळ यांचे वर्णन आहे. त्या काळी कोल्हापूर परिसरात चालुक्यांचे मांडलिक असलेल्या शिलाहारांची सत्ता होती, म्हणजे हा ग्रंथ दख्खनच्या याच नद्यांच्या जगातला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध करून त्याकडे जगाचे लक्ष वेधले. मराठी वाचकांत मानसोल्लास पाककृतींसाठी अधिक ओळखला जातो. मत्स्यविनोद तितका वाचला गेला नाही.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी महसीरची तुलना आपल्या देशातील सामनशी केली. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचा भारतातील गळाच्या मासेमारीवरचा ग्रंथ १८७३मध्ये निघाला व तो पुढील अनेक दशके प्रमाण मानला गेला. महसीरच्या वजनाचा सर्वाधिक उल्लेखिला जाणारा विक्रम २२ मार्च १९४६ रोजी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका सदस्याने काबिनी नदीवर केला. तो मासा १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो वजनाचा होता. हा मासा खडस नव्हता, तर कावेरी खोऱ्यातील कुबडाचा महसीर होता. मराठी लेखनात या दोन जातींची गल्लत वारंवार होते. ती टाळणे आवश्यक आहे.

ट्राउट कोल्हापुरात का नाही

ट्राउट हा सामन कुळातील, थंड पाण्याचा मासा आहे. पाण्याचे तापमान सुमारे २० अंश सेल्सिअसच्या वर दीर्घकाळ राहिले, तर तो तग धरत नाही. भारतात तो मूळचा नाही. काश्मीरमध्ये १८९९मध्ये आणलेली अंडी वाटेत नष्ट झाली व पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आणलेली अंडी जगली. त्यानंतर हिमाचलातील नद्यांत तो सोडला गेला. दक्षिणेत निलगिरीवर १८६०च्या दशकापासून प्रयत्न झाले, परंतु खरे यश विसाव्या शतकाच्या आरंभी इंद्रधनुषी ट्राउटला मिळाले. मुन्नारच्या उंच प्रदेशातही तो स्थिरावला. ही ठिकाणे दीड-दोन हजार मीटर उंचीवर आहेत. राधानगरी-दाजीपूर किंवा गगनबावड्याचा घाटमाथा त्यामानाने खूप खाली, १,००० मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी उंचीवर आहे आणि तेथील ओढे उन्हाळ्यात ट्राउटला मानवणार नाहीत इतके तापतात. ट्राउट हिवाळ्याच्या सुमारास अंडी घालतो, खडस पावसाळ्यात. त्यामुळे ट्राउटचे हंगामाचे नियम खडसाला लावून चालत नाही.

घातक पद्धती आणि कायदा

उन्हाळ्यातील डोहावर गळाखेरीज इतर मार्गही वापरले जातात व ते विनाशकारी आहेत. डोहात रामेठा किंवा गेळ्याच्या फळांसारख्या वनस्पती कुटून टाकणे ही जुनी पद्धत. त्याने मासे गुंगून वर येतात. तिची जागा अनेक ठिकाणी शेतीच्या कीटकनाशकांनी आणि ब्लीचिंग पावडरीने घेतली, तेव्हा लहान मासे, खेकडे व अळ्या यांसह संपूर्ण डोह निर्जीव होऊ लागला. जिलेटिनच्या कांडीचा स्फोट हा त्याहून वाईट प्रकार होय. स्फोटाने माशांचे वायुकोश फुटतात आणि मेलेल्या माशांपैकी बरेचसे तळाशी बुडून हातीही लागत नाहीत. १८९७च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने स्फोटके व विष वापरून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. महाराष्ट्रात १९६०चा मत्स्यव्यवसाय अधिनियम आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीची बंदी आजही पुनःपुन्हा सांगावी लागते, यावरून अंमलबजावणीची स्थिती लक्षात येते.

धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. तेथे छंद म्हणून गळ टाकण्यापूर्वी संबंधित संस्थेची संमती घेणे अपेक्षित आहे. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. या कायद्यातील ‘वन्यजीव’ या संज्ञेत माशांचाही समावेश असल्याने अभयारण्यात परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही.

पकडून सोडण्याची प्रथा

मासा पकडून, मोजून पुन्हा जिवंत सोडण्याची प्रथा छंदी मच्छीमारांत रूढ होत आहे. त्यासाठी आकडा नसलेला गळ वापरणे, मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करणे, त्याला कोरड्या खडकावर न ठेवणे आणि सोडताना तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः निघून जाईपर्यंत आधार देणे, अशी पथ्ये आहेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व त्या जागी बुरशीचा संसर्ग होतो.

उन्हाळ्यात मात्र ही पथ्ये पुरेशी ठरत नाहीत. २० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशाला साडेसात मिलिग्रॅम. दीर्घ झुंजीनंतर दमलेल्या माशाला अशा पाण्यात श्वास पुरत नाही. तो पोहत गेलेला दिसतो आणि काही तासांनी मरतो. म्हणून साठलेल्या डोहात भर उन्हाळ्यात गळ न टाकणे, निदान दुपारी टाळणे आणि झुंज लांबेल इतका बारीक दोरा न वापरणे इष्ट मानले जाते. पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर ते जानेवारीचा काळ त्या तुलनेत सुरक्षित आहे. तेव्हा माशाने अंडी घातलेली असतात, पाणी वाहते व थंड असते. ट्राउटच्या देशातून आलेली उन्हाळी सहलीची कल्पना येथे उलटी करावी लागते ती यासाठी.

वळवण येथील संवर्धन व कावेरीतील परिणाम

खडसाची संख्या घटत असल्याचे लक्षात आल्यावर टाटा वीज कंपन्यांनी लोणावळ्याजवळ वळवण येथे मत्स्यबीज केंद्र सुरू केले. १९७०पासून तेथे सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी महसीरच्या कृत्रिम प्रजननाचे काम केले. पक्व मादीची अंडी हाताने दाबून काढणे, त्यावर नराचे शुक्र मिसळणे आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती उबवणे, ही तेथे बसवलेली पद्धत होती. या केंद्रातून लाखो बोटुकली देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत गेली. महाराष्ट्रातील मत्स्यसंवर्धनाच्या इतिहासात हे काम महत्त्वाचे आहे, यात शंका नाही.

त्याची दुसरी बाजू कावेरीत दिसली. मोठा मासा पुन्हा मिळावा या हेतूने १९७०च्या दशकापासून खडसाची बोटुकली कावेरीत सोडण्यात आली. खडस तेथे मूळचा नव्हता. तो फोफावला आणि त्याच काळात कावेरीतील कुबडाचा महसीर झपाट्याने कमी झाला. विलक्षण बाब अशी की, जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी असलेल्या या माशाला तोवर निश्चित शास्त्रीय नावही नव्हते. टोर रेमादेवी या जातीशी त्याची ओळख २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पटवण्यात आली व त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. जातींमधील ही अदलाबदल उघड होण्यास तेथील गळ-शिबिरांतील पकडीच्या जुन्या नोंदींची मदत झाली, हेही नमूद करणे योग्य ठरेल. छंदी मच्छीमारांच्या वह्या नसत्या, तर एका जातीची जागा दुसरीने घेतल्याचे कदाचित कळलेही नसते.

कृष्णा खोऱ्यासाठी यातून निघणारी बाब व्यावहारिक आहे. खडस येथलाच असला, तरी बोटुकली कोणत्या नदीच्या माद्यांपासून तयार झाली, हे पाहूनच ती सोडावी, असे आता संशोधक सुचवतात. महसीरच्या जातींचे संकरही या काळात तयार केले गेले असल्याने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

देवाचे मासे

कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून काही डोह श्रद्धेने राखले गेले आहेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड येथे वरदायिनी देवीच्या नावाने महसीर राखले जातात. भाविक त्यांना चुरमुरे व लाह्या घालतात आणि तेथे गळ टाकला जात नाही. देहू येथे इंद्रायणीच्या डोहातील माशांनाही असेच संरक्षण होते, परंतु प्रदूषित पाण्यामुळे तेथे मासे मेल्याच्या घटना घडल्या. भक्तीची मर्यादा येथे स्पष्ट होते. ती गळ थांबवू शकते, वरून येणारे सांडपाणी थांबवू शकत नाही.

कोल्हापूरशी निगडित असे अलीकडचे उदाहरण हिरण्यकेशीचे आहे. ही नदी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे महादेव मंदिराच्या कुंडातून निघून आजरा व गडहिंग्लज तालुक्यांतून वाहते. त्या उगमकुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाचे वर्णन २०२०मध्ये शिस्तुरा हिरण्यकेशी या नावाने झाले. स्थानिक लोक त्याला देवाचा मासा म्हणत. राज्य शासनाने २०२१मध्ये त्या परिसराला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. हा मासा बोटाएवढा असून खडसाचा आप्त नाही, मात्र एका उगमाला मिळालेले संरक्षण खालच्या नदीलाही उपयोगी पडते.

सद्यस्थिती

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत खडस २०११मध्ये संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला होता. त्यानंतरच्या मूल्यांकनात तो ‘किमान चिंता’ या वर्गात आला. हा बदल वाचताना सावधगिरी हवी, कारण या जातीच्या आजच्या विस्तारात मूळ अधिवासाबाहेर सोडलेल्या माशांचाही वाटा आहे. मूळच्या नद्यांतील स्थिती त्यावरून कळत नाही.

पंचगंगेच्या खालच्या टप्प्यात शहरी सांडपाणी व औद्योगिक पाण्यामुळे उन्हाळ्यात मासे मरण्याच्या घटना वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. तेथे आज गळाला लागतो तो बहुधा चिलापी. हा आफ्रिकेतून आणलेला मासा कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगतो व वर्षातून अनेकदा प्रजनन करतो. खडसासाठी उरलेले पाणी म्हणजे राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड व आजरा तालुक्यांतील घाटाकडचे ओढे आणि धरणांच्या वरचे डोह. यांपैकी अनेक डोहांना गावोगावी स्वतःची नावे आहेत व त्यांतील पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, हे काठावरच्या मंडळींना ठाऊक असते.